नववा नियम

नागपूर,
सोमवार, २८ जुलै २०२५

ती. सुभद्राताईस,
चंद्रभानचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

परवा तू फोनवर म्हणालीस की चंदू, आता मले फोन करू नको, तू बोलत नाही, नुसता ओरडते. जे सांगायचं ते लिहून पाठव, कागदावर ओरडता येत नाही. येतं. हे पत्र शेवटपर्यंत वाच म्हणजे कळेल.

पहिली गोष्ट. तू म्हणालीस, रोज घटकाभर देवाजवळ बसत जा. ताई, घटका म्हणजे चोवीस मिनिटं. माझ्या दिवसात ती कुठे आहेत ते तू काढून दे. सकाळी सहाला मी कळमन्याचं दुकान उघडतो. साडेनऊपर्यंत पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतो, कारण पोट त्याच्यावर आहे. साडेनऊला शेजारचं शटर उघडतो, ते केंद्र. तू एकदाच आलीस, तेही चष्मा घरी विसरून, म्हणून पुन्हा लिहितो. चौदा व्हीलचेअर, बावीस वॉकर, नऊ कमोड खुर्च्या, सहा एअरबेड आणि ऑक्सिजनची तीन मशीनं. घरात कुणी आजारी पडलं की ज्याला लागेल त्याने न्यावं, काम झालं की परत आणावं. एक रुपया नाही. पोहोचवतो मी, जोडून देतो मी, बिघडलं तर दुरुस्त करतो मी. नववी नापास माणूस आहे, पण ऑक्सिजन मशीनचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन पाच महिने वाचलं, आणि आज मोठ्या दवाखान्याचे इंजिनिअर मला फोन करून विचारतात की चंद्रभानजी, याचा व्हॉल्व्ह कसा खोलायचा.

आणि लोक काय करतात? ऐक. एका घरी वॉकर दिला. आजोबा मार्चमध्ये हिंडूफिरू लागले, वॉकर जुलैत परत आला, कारण पावसाळ्यात त्यावर कपडे चांगले वाळतात म्हणे. एका व्हीलचेअरवर लग्नात नवरदेवाच्या आजीला मिरवलं. परत आली तेव्हा चाकात झिरमिळ्या आणि सीटवर रस्सा. हे तरी ठीक. एका बाईने कमोड खुर्चीत मनीप्लांट लावला होता. मी न्यायला गेलो तर म्हणते कशी, दादा, आता त्याले मुळं फुटले आहे, दहा दिवस थांबा ना.

मी थांबलो नाही. मी ओरडलो. तू म्हणतेस मी सगळ्यांवर ओरडतो. मी ओरडत नाही, मी बरोबर काय ते सांगतो. लोकांना बरोबर ऐकायची सवय नाही.

दुसरी गोष्ट. केंद्राच्या भिंतीवर मी स्वतःच्या हाताने तेलरंगात लिहिलं आहे: सेवा हीच पूजा. अक्षर पाहायला लोक थांबतात. म्हणजे माझी पूजा सकाळी साडेनऊला सुरू होते आणि संध्याकाळी साडेआठपर्यंत चालते. तुझ्या शेतातल्या महादेवाला एवढी पूजा कोण घालतो ते सांग. मग त्याने वर आणखी चोवीस मिनिटं मागावीत हे कोणत्या हिशेबात बसतं?

तुझ्या गुडघ्याचं लिही. वॉकरचे रबरी बूट झिजले असतील तर धर्मेंद्रला माप घेऊन कळवायला सांग. माप मिलिमीटरमध्ये, बोटांनी नाही.

फोन ठेवताना मी जे बोललो ते सोडून दे. तोंडातून गेलं.

रागावली असशील तर रागव, पण उत्तर लिही.

तुझा भाऊ,
चंद्रभान


॥ महादेव प्रसन्न ॥

पारशिवनी,
३ ऑगस्ट २०२५

चि. चंदूस सुभद्राचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र भेटलं. धर्मेंद्रनं पोर्चमंधी मोठ्यानं वाचून दाखवलं तं शेजारची सून दार उघडून पाहाले आली की मायलेकाचं कशाचं भांडण चालू आहे. हरली मी. कागदावर ओरडता येते.

मनीप्लांटवर मी बम हसली. पण हसून झाल्यावर मनात आलं, बाई तुले दादा म्हणे, दहा दिवस मागे. तू तिले काय बोलला असशीन ते मले माहीत आहे, म्हणून ते मी तुले विचारत नाही.

गुडघा बरा आहे. वॉकरसंग तुह्या नियमाचा छापील कागद आला होता तो मी देव्हाऱ्याच्या बाजूले चिकटवला, म्हणजे रोज हात जोडताना तुही सही दिसते. बूट झिजले नाहीत. माप पाठवणार नाही.

आता माह्या दोन गोष्टी. तुह्या चार पानी पत्रात व्हॉल्व्ह आहे, मिलिमीटर आहे, मनीप्लांट आहे, पण कागदाच्या डोक्यावर महादेव नाही. बाबानं आपल्याले पाटीवर पयले तेच लिहाले शिकवलं होतं. तू विसरला असं मी म्हणत नाही. तू कधी काही विसरत नाही. मग मुद्दाम नाही लिहिलं का?

दुसरी गोष्ट. सोडून दे म्हणतो ते मी कसं सोडू? फोन ठेवता ठेवता तू ओरडला की मंग का मीच सडवली पार्वतीबाईची पाठ? मी तं तिचं नावही घेतलं नव्हतं. कोण ही पार्वतीबाई? तिच्या पाठीले का झालं?

इकडची खबर. चांद्या बैल, कपाळावर चांद असलेला, तोच तो तुह्या नावाचा म्हणून तू लहानपणच्यासारखा चिडते, तो महिन्याभरापासून मारकुटा झाला. गोठ्यात कोणी गेलं की शिंग हालवते. धर्मेंद्र म्हणे माजला, विकून टाकू. मी वॉकर टेकत टेकत गेली अन् मान खाली दाबून पाहिली तं जू बसते तिथं खांदा सुजून ही एवढी जखम. पेरणीपासून पोरानं एक दिवस खांदा रिकामा ठेवला नाही अन् बैलानं एक दिवस काम चुकवलं नाही. आता त्याले मोकळा सोडला. पोळ्यापर्यंत जू नाही.

शोभाले आशीर्वाद सांगजो. तुले ऊन लागते, डोक्यावर दुपट्टा घेत जाय.

माया कमी झाली नाही, भांडणानं होत नसते.

तुही ताई,
सुभद्रा


नागपूर,
गुरुवार, ७ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
चंद्रभानचा नमस्कार, वि. वि.

पार्वतीबाई कोण ते ऐक, आणि हा विषय इथेच मिटव.

आमच्याकडे कळमन्याच्या मार्केट यार्डात जितेंद्र म्हणून एक माणूस संत्र्याच्या गाड्या खाली करतो. त्याची आई पार्वतीबाई. गेल्या हिवाळ्यात बाईचा पाय मोडला, मी व्हीलचेअर दिली. जानेवारीत परत आली तर चाकांचा एक्सल वाकलेला. चौकशी केली. या शहाण्याने आईला खाटेवर झोपवून त्या खुर्चीवरून दोन-दोन क्रेट संत्री वाहिली. माणसासाठी केलेलं चाक, ताई! चार दिवस लागले तो एक्सल सरळ करायला.

पुढे बाईला अर्धांगाचा झटका आला आणि ती कायमची खाटेवर पडली. १९ जूनला जितेंद्रने एअरबेड मागितला, म्हणजे पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून असते ती हवेची गादी. आता माझा नववा नियम स्पष्ट आहे: ज्याने साहित्याचा गैरवापर केला त्याला पुन्हा साहित्य मिळणार नाही. मी दिला नाही. ३० जूनला त्यांच्या शेजारी वॉकर पोहोचवायला गेलो, तेव्हा त्यांच्या घरात डोकावलो. बाईच्या माकडहाडावर जखम झाली होती. कशी ते मी लिहीत नाही, बाबांची तू पाहिली आहेस. त्याच दिवशी जाऊन एअरबेड आणला आणि स्वतः जोडून दिला. मधे अकरा दिवस गेले. नियम म्हणजे नियम.

जितेंद्र स्वतः माझ्यासमोर हात जोडून म्हणाला की चूक माहीच होती भाऊ, माह्या चुकीची शिक्षा मायले भेटली. म्हणजे त्यालाही मान्य आहे. मग तू मला काय विचारतेस?

आणि ती म्हातारी! मी गादी जोडत होतो, घामाने निथळत होतो, आणि ती पडल्या पडल्या सुनेला सांगते की पोरी, भाऊ उन्हातून आले, त्याहीले पाणी दे. मला म्हणते की किती करता गा बापू तुमी लोकायचं, देव तुमाले सुखात ठेवो. मी पाणी घेतलं नाही. पंपाचा आवाज तपासला आणि निघालो. मला आशीर्वाद नको आहेत. लोकांनी आशीर्वाद देण्यापेक्षा माझ्या वस्तू धुऊन परत आणाव्यात.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथे जातो. गादीतली हवा पाहतो, कूस बदलायच्या वेळा भिंतीवर लिहून दिल्या आहेत त्या पाळतात की नाही ते पाहतो. पाळतात. तरी मला राग येतो. कुणाचा येतो ते कळत नाही म्हणून जास्त येतो.

तू महादेवाचं विचारलंस. हो, मुद्दाम लिहिलं नाही. दुकानातला त्याचा फोटोही मी ४ जुलैला उतरवला, फडक्यात गुंडाळला आणि जळक्या मोटारींच्या कपाटात ठेवला. बाबा आठ महिने सुंभाच्या खाटेवर कुजले, तेव्हा मी ठरवलं की माझ्या ओळखीत कुणाची पाठ अशी होऊ देणार नाही. अकरा वर्षं होऊ दिली नाही. एकट्याने. या अकरा वर्षांत त्याने एकदा तरी माझ्याकडे पाहिलं का? एकदा तरी खांद्यावर हात ठेवला का? ज्याला माझ्याकडे बघायला सवड नाही, त्याच्याकडे मी का बघावं?

माझं ठरलं आहे. ३१ ऑगस्टला केंद्र बंद. सामान एखाद्या ट्रस्टला देऊन टाकतो. सध्या त्रेसष्ट घरी साहित्य आहे, त्यांना चिठ्ठ्या लिहायला घेतल्या आहेत. शोभाला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

चांद्याच्या जखमेला हळद नुसती लावू नका, आधी मिठाच्या कोमट पाण्याने धुवा.

तुझा,
चंद्रभान


॥ श्री ॥

नागपूर,
१० ऑगस्ट

ती. सुभद्राताईंना शोभाचा नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, आज लिहिते. यांना कळू देऊ नका.

केंद्र बंद करणार हे यांनी मला सांगितलं नाही, पण टेबलावर त्रेसष्ट पाकिटं आहेत आणि मला वाचता येतं. ताई, हे आता उभ्यानेच जेवतात. पोळी हातात घेऊन शटरजवळ उभं राहायचं आणि फोन कानाला. खोकला असो, ताप असो, किल्ली कंबरेला. मी किती वर्षं म्हणून राहिले की एक किल्ली माझ्याकडे द्या, वॉकर काय मी देऊ शकत नाही? तर म्हणतात, तुले जमणार नाही, तू नोंद नीट करत नाही. मी पाचशे पापडांची ऑर्डर बिनचूक घालते, पण मला वॉकर जमत नाही.

आता खरी गोष्ट. काल यांचा चष्मा पुसायला घेतला. चष्म्याच्या घरात तळाशी एक चिठ्ठी होती, आठ घड्या घातलेली. यांचंच अक्षर. १९ जून. पार्वतीबाई, जितेंद्रची आई. एअरबेड. आजच. आजच-खाली दोन रेघा.

ताई, मला तो आठवडा आठवतो. तिन्ही ऑक्सिजनची मशीनं एकदम बिघडली होती आणि हे तीन दिवस दुकानातच होते. जितेंद्रने सांगितलं, यांनी लिहून घेतलं, चिठ्ठी खिशात टाकली आणि विसरले. एवढंच झालं. पण हे विसरले असं यांना म्हणताच येत नाही. तीस तारखेला त्या घराच्या दारात उभं राहून यांनी जितेंद्रला म्हटलं की नियमाप्रमाणे दिला नाही. एअरबेडची पिशवी धरून मी मागेच उभी होते. त्या बिचाऱ्याने हात जोडले. तेव्हापासून तो मायच्या खाटेपाशी बसून रडते, म्हणते मी संत्री वाहिली म्हणून तुले हे झालं. आणि हे रोज संध्याकाळी जाऊन ते ऐकून येतात आणि घरी येऊन आमच्यावर ओरडतात.

मी बोलले तर भिंत पडेल. तुम्ही मोठ्या आहात. काहीतरी करा.

आपली,
शोभा


॥ महादेव प्रसन्न ॥

पारशिवनी,
१४ ऑगस्ट २०२५

चि. चंदूस सुभद्राचे आशीर्वाद. आज मीही ओरडणार आहे, तं बसून वाच.

तुह्यं पत्र आल्यावर मी देव्हाऱ्याजवळचा तुहा कागद वाचला. चष्मा लावून वाचला. नियम आठ आहेत. मी दोनदा मोजले. मंग धर्मेंद्रले मोजाले लावले, तो म्हणे माय, आठच. आठव्याच्या खाली रेघ आहे अन् रेघेखाली तुही सही. सहीच्या खाली कोणी नियम लिहिते का? तू तं मिलिमीटर सोडत नाही.

नववा कुठून आला ते मले सांगू नको. मले ऐकायचंच नाही. ज्याले सांगायचं आहे तो तुह्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर राह्यते.

चंदू, भिंतीवर सेवा हीच पूजा लिहून ठेवलं म्हणतो. पूजेत देव लागते. तुह्या केंद्रात देव कोण आहे? किल्ली तुह्या कंबरेले, नियम तुहा, अक्षर तुहं, शिक्षाही तूच देतो अन् हातही लोकं तुलेच जोडतात. महादेवाले तू यंदा जुलैत कपाटात टाकला असं तुले वाटते. तो कधीचाच तिथं आहे. तुह्या ध्यानात आता आलं.

अन् देवानं पाहिलं नाही म्हणतो? अकरा वर्षांत कोणाच्या घरी तू बसून घोटभर पाणी पेला का? लोकं देतात, तू घेत नाही. त्या पडलेल्या बाईजवळ द्यायले काहीच नव्हतं, तिनं पाणी देऊ केलं, तं तुले राग आला. देव का जटा घेऊन तुह्या शटरपाशी उभा राहीन का गा?

बाबाची पाठ तूच धुवत होता. मी दाराआड उभी राहून रडत होती, तू रडला नाही. तेव्हापासून तू रडला नाही, बसला नाही, थकलो म्हटलं नाही. मले तुहा अभिमान आहे अन् तुहा भयंकर रागही येऊन राहिला आहे.

आता ऐक. २२ले पोळा आहे. २१ले सांजच्याले खांद शेकणी, बैलायचे खांदे तूप-हळदीनं शेकाचे. बाबा गेल्यापासून तू एकदाही आला नाही. बैलायले आपण आदल्या दिवशी आवतन देतो तसं मी तुले आठ दिवस आधी देऊन राह्यली: आज आवतन घे, जेवाले ये. दुकानाले कुलूप लाव. पारशिवनीची बस दुपारी भेटते. नाही आला तं मी वॉकर घेऊन बसमधी चढीन अन् कळमन्यात येऊन तुह्या भिंतीपाशी कपडे वाळू घालीन, त्याच वॉकरवर.

मिठाच्या पाण्यानं चांद्याची जखम भरून राह्यली आहे. तेवढं तुह्यं ऐकलं, माह्यं एक ऐक.

वाट पाहीन, दुसरं काही लिहीत नाही.

सुभद्रा


॥ महादेव प्रसन्न ॥

नागपूर,
मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
चंद्रभानचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

शनिवारी दुपारी सव्वातीनला सुखरूप पोहोचलो. बडग्याच्या पुतळ्यांची मिरवणूक नुकतीच आटोपली होती, रस्ते जाम होते. शोभाने दार उघडलं आणि म्हणाली की यंदा इडापिडा घालवाले बडग्यापाशी जा लागलं नाही, घरातली दोन दिवस गावाले गेली होती. मी काही बोललो नाही, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आधी तक्रार. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर उजव्या खांद्यावर हळदीचा डाग आहे, वीत बाय चार बोटं. दोनदा धुतला, निघत नाही. तू मला फसवलंस. मी भांडायला आलो होतो. बसमध्ये सतरा मुद्दे लिहून काढले होते.

तू मला बोलू दिलं नाहीस. म्हणालीस, आधी बैल. मी धर्मेंद्रबरोबर नदीवर बैल धुतले, खरारा केला, कारण तो उलट्या दिशेने करत होता. मग तू कढईत तूप-हळद कोमट केलीस, पळसाचं पान बुडवलंस आणि चांद्याच्या खांद्यावर ठेवलंस. जखमेच्या कडेकडेने, मधे नाही. ते बरोबर केलंस. तो मारकुटा बैल डोळे मिटून उभा राहिला. तू त्याच्या कानाशी म्हणालीस की आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्याला तसंच. आणि मग तेच पान परत तुपात बुडवून तू माझ्या खांद्यावर दाबलंस आणि तेच म्हणालीस.

मी म्हणणार होतो की ताई, मी बैल आहे का. ऑक्सिजनचं एक मशीन साडेसोळा किलोचं असतं. अकरा वर्षं मी ते उजव्या खांद्यावरून जिने चढवतो. तो खांदा दुखतो हे मला त्या पानाखाली कळलं. इतकं दुखत होतं की मी खाली बसलो. डोळ्यांत चुलीचा धूर गेला होता, हे धर्मेंद्रला नीट समजावून सांग, तो अजून हसतो आहे.

शेतातल्या महादेवाजवळ तू मला एकट्याला पाठवलंस. मी तिथे दोन तास दहा मिनिटं बसलो. पहिली चाळीस मिनिटं सतरा मुद्दे वाचून दाखवले, मोठ्याने. त्याने खोडून काढलं नाही. मुद्दे संपल्यावर उठणार होतो. पण चष्म्याच्या घरात एक चिठ्ठी होती, ती काढली. तुला माहीत नाही म्हणून लिहितो. शोभाने सांगितलं असेल असा मला संशय आहे, कारण तिने चष्म्याचं घर उलटं ठेवलं होतं. तरीही मी लिहितो, कारण मलाच लिहायचं आहे: ताई, मी विसरलो. १९ जूनला मी चिठ्ठी लिहिली, खिशात ठेवली आणि अकरा दिवस विसरलो. एअरबेड केंद्रात रिकामा पडून होता. नियम वगैरे काही नव्हता. बाबांसाठी जे सुरू केलं, तेच मी एका म्हातारीच्या पाठीवर होऊ दिलं, आणि दोष तिच्या मुलाच्या डोक्यावर ठेवून आलो.

हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही. काही दिसलंही नाही, आवाज आला नाही, वारा सुटला नाही. माझ्याकडे कुणी अडचण सांगायला आलं की मी मधेच घड्याळ पाहतो. तिथे माझं ऐकताना कुणी घड्याळ पाहत नव्हतं, एवढंच जाणवलं. मग मी नुसता बसलो. किती तरी वेळ माझ्याकडून कुणाला काही नको होतं. उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या आणि भूक लागली होती. अकरा वर्षांत जेवायची वेळ झालेली आठवते, भूक लागलेली आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या पंगतीत सात पुरणपोळ्या खाल्ल्या त्या यामुळे. धर्मेंद्र आठ म्हणतो, ते चूक आहे.

रविवारी सकाळी जितेंद्रकडे गेलो. दारातच सांगितलं की नववा नियम नाही, कधीच नव्हता, मी विसरलो, तुझी संत्री आणि तुझ्या आईची पाठ यांचा काही संबंध नाही. चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. मग त्याने माझी कॉलर धरली. म्हणाला की दोन महिने मी मायच्या पाया पडून राह्यलो, दोन महिने मले घास गेला नाही, अन् तुमी रोज इथं येऊन हवा मोजून जाता? निघा इथून. गल्ली जमा झाली. मला ज्या भाषेत लोकांशी बोलायची सवय आहे, त्याच भाषेत तो माझ्याशी बोलत होता. फक्त त्याचं बरोबर होतं. त्याने दार लावलं.

मी पायरीवर बसलो. निघता आलं नाही. आतून पार्वतीबाईंचा आवाज आला, कोण आलं होतं गा. त्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ सांगत होता. मग ती म्हणाली की ऊन आहे, पाणी तं दे. दार उघडलं. जितेंद्रने माझ्याकडे न बघता पायरीवर तांब्या ठेवला आणि आत गेला. दार मात्र लावलं नाही.

मी पाणी प्यायलो. पूर्ण तांब्या.

त्याने मला माफ केलेलं नाही, आणि करावं असं मी म्हणणार नाही. जखम बाजूने भरते आहे, अजून वेळ लागेल असं डॉक्टर म्हणतात. संध्याकाळी गादी पाहायला आता मी विचारून जातो. काल शोभा गेली.

काल सोमवार होता. फोटो कपाटातून काढला, काच पुसली, खिळा जुनाच होता. सकाळी साडेनऊला शटर मी उघडलं नाही. किल्ली शोभाला दिली. तिने दुपारपर्यंत तीन वॉकर आणि एक कमोड खुर्ची दिली. नोंदीत तारीख डावीकडे हवी ती उजवीकडे टाकली आहे. मी पाहिलं आणि गप्प राहिलो, याची तू नोंद घे. मी त्या वेळात मागच्या खोलीत फोटोसमोर बसलो होतो. पहिला अर्धा तास शटरच्या आवाजाकडेच कान होते. नंतर नव्हते.

त्रेसष्ट पाकिटांतल्या चिठ्ठ्या फाडल्या. पाकिटं कोरी आहेत, वापरता येतील. त्यातल्याच एकात हे पत्र आहे, सोबत नियमांचा नवा छापील कागद. देव्हाऱ्याजवळचा जुना काढ आणि हा लाव. नववा असा आहे: सोमवारी सकाळी केंद्राचा चालक देवाजवळ बसलेला असतो. किल्ली शोभाबाईंकडे आहे. त्याला हाक मारू नये.

चष्मा लावून मोज. नऊ आहेत. सही नवव्याच्या खाली आहे.

तुझी माया होती तशीच माझ्या खांद्यावर असू दे, आणि आता फोन केला तर उचल.

तुझा धाकटा भाऊ,
चंदू